भिशीची चिठ्ठी

फॉर्म चौदा पानांचा होता आणि म्हणायला मराठीत होता. ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द पहिल्याच पानावर तीनदा. मावशी सातवी शिकलेली, पण तीस वर्षं गल्लीतली भिशी चालवणारी बाई. हिशेबात तिला आजवर कुणी फसवलेलं नाही. ओपीडीच्या बाकावर तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या ट्रायल कोऑर्डिनेटर मुलीला विचारलं, “बाळा, हे यादृ... काय ते, म्हणजे तुम्ही चिठ्ठ्या टाकणार ना?”

मुलगी आधी गडबडली, मग हसली. “हो आजी. आता कॉम्प्युटर टाकतो.”

“आणि माझी चिठ्ठी निघाली नाही तर?”

“तर सगळ्यांना देतात ते नेहमीचं औषध मिळेल. नवीन नाही मिळणार.”

मावसभाऊ एव्हाना तापला होता. आमच्या आईला उंदीर समजता का, वगैरे सुरू झालं. मावशीनं त्याला हातानंच गप्प केलं, कारण तिचं विचारून संपलं नव्हतं. “आमच्या भिशीत चिठ्ठी उशिरा निघाली तरी पैसे बुडत नाहीत. शेवटी सगळ्यांची पाळी येते. तुमच्याकडे येते का?”

याचं उत्तर त्या मुलीकडे नव्हतं. चौदा पानांतही मला ते दिसलं नाही. मी रात्री दोनदा वाचून पाहिलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय. औषधाच्या चाचणीत दोन गट असतात, हे आता कोविडच्या लशींमुळे बहुतेकांना माहीत झालंय. एका गटाला नवं औषध किंवा नवी पद्धत, दुसऱ्याला नाही. बातमी पहिल्या गटाची होते. संशोधकांच्या भाषेत दुसऱ्या गटाला ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि त्या माणसांबद्दल आपण एवढंच वाचतो की त्यांच्यात इतके टक्के मृत्यू जास्त झाले. पण ते टक्के नसते तर पहिल्या गटाचं यश कशाशी मोजलं असतं? शोधाला जेवढे हातभार लागतात त्यातले निम्मे दुसऱ्या चिठ्ठीवाल्यांचे असतात. महाराष्ट्रात अशा चाचण्यांची मोठी परंपरा आहे. मावशीचा प्रश्न घेऊन त्यातल्या काहींकडे पाहायचं ठरवलं.

सुरुवात तुरुंगातून करावी लागते. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग असल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं. सरकारनं वॉल्डेमार हाफकिनला बोलावलं. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला हा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस बनवायला बसला. 10 जानेवारी 1897 ला त्यानं पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी स्वखुशीनं पुढे आले त्यांना लस दिली. साधारण तेवढेच कैदी लशीविना राहिले. लस न घेतलेल्यांत बारा आजारी पडले आणि सहा दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही.

आकडे बोलके आहेत, पण खडे उरतातच. कैद्याची स्वखुशी ती कितपत, हा एक. दुसरा शास्त्राचा: आपणहून पुढे येणारा माणूस मागे बसणाऱ्यापेक्षा मुळातच धडधाकट, धीट, कदाचित उंदरांपासून लांबच्या कोठडीतला असू शकतो. मग लशीनं वाचला की आपल्या तब्येतीनं? हाफकिनला हे कळत होतं. पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यानं घरोघरी जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. फरक फक्त सुईचा. प्लेग शिरलेल्या घरांमधले लस घेतलेले तीन जण गेले, न घेतलेले सव्वीस.

ही विभागणी कोणत्या घरात कशी झाली असेल, कोण आधी हात पुढे करून बसलं असेल, याचा विचार मी टाळू शकत नाही. सव्वीस जणांची नावं मला कुठं सापडली नाहीत. पुढे लाखो लोकांना टोचल्या गेलेल्या लशीचा पुरावा त्यांच्या मरणानं भक्कम केला.

माणसानं माणूस निवडायचा नाही, चिठ्ठीनं निवडायचा, ही शिस्त यायला आणखी पन्नास वर्षं लागली. 1948 साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं बंद पाकिटांची पद्धत लावली होती. पाकीट उघडेपर्यंत रुग्ण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरलाही कळत नसे. औषध इतकं कमी होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी हाच त्यातल्या त्यात न्याय होता. 55 जणांना औषध मिळालं, 52 जणांना फक्त अंथरुणावरची विश्रांती. सहा महिन्यांत मृत्यू चार आणि चौदा. मग मद्रासला याच पद्धतीनं विचारलं गेलं की क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं का. 1959 चं उत्तर होतं, नको. घरी राहून औषध घेतलं तरी तेवढंच बरं वाटतं आणि घरच्यांना लागणही जास्त होत नाही. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या सॅनेटोरियमांत ज्यांच्या आजोबांनी दोन-दोन वर्षं काढली, त्यांना या एका ओळीचं वजन कळेल.

आता महाड. कोकणातला लाल विंचू ज्याला चावलाय त्याला त्याची ओळख करून द्यायला नको. लाकडांच्या ढिगात, जांभ्याच्या गडग्यात, कौलाखाली, भाताच्या पेंढ्यात तो असतो. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले तेव्हा या विंचवानं धडधाकट तरुण आणि पोरं बघता बघता जात होती. आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. मग छातीत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस. मांत्रिकही हरायचा आणि डॉक्टरही, कारण पुस्तकात यावर धड काही नव्हतं. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी लिहून ठेवायला सुरुवात केली. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं टिपण आलं. विंचवाचं विष शरीरातली रक्तवाहिन्या आवळणारी यंत्रणा पेटवतं, तर ती सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी का देऊ नये, हा विचार त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडला. पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आलं.

एवढं यश हातात असताना दुसरा कुणी तिथंच थांबला असता. पण विंचवाची प्रतिलसही बाजारात आली होती आणि ती महाग पडते. ती दिल्यानं खरंच फायदा होतो का? तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात या दांपत्यानं रीतसर चाचणी केली. 70 रुग्ण, 35-35 चे दोन गट. एकाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिलस. 2011 मध्ये ‘बीएमजे’त निकाल आला. प्रतिलस मिळालेल्यांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या गोळीवाल्यांपैकी 8.

माझ्या दृष्टीनं इथं महत्त्वाचा आहे तो नुसत्या गोळीचा गट. त्यांची चिठ्ठी ‘दुसरी’ निघाली, पण हाती रिकामं पाकीट आलं नाही. त्या घडीला ठाऊक असलेला सर्वांत चांगला उपचार त्यांना मिळाला. पणाला लागले ते काही तास. भिशी चालवणाऱ्या माणसाला पटेल असा हा व्यवहार आहे.

गडचिरोलीचा व्यवहार जास्त अवघड होता. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1993 पासून गावोगावच्या नवजात बाळांचा हिशेब ठेवला. हजार बाळं जन्मली तर पहिल्या महिन्यात साठेक जात होती. हॉस्पिटल लांब, रस्ता पावसात बंद, आणि बाळंतीण आणि बाळ घराबाहेर काढायची रीत नाही. मग उपचारच घरात न्यायचा. 39 गावांत गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ऊब ठेवायची, श्वास अडकला तर मास्कनं हवा द्यायची, जंतुदोष झाला तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. शहरातले डॉक्टर यावर भडकले होते.

या मंडळींनी दाईसाठी केलेलं एक साधन सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. निरक्षर दाईला साठपर्यंत अंक मोजता येत नसतील तर? लाकडी चौकटीत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. घड्याळ न वाचणाऱ्या, सही न येणाऱ्या बाईच्या हातात अचूक निदान.

शेजारची 47 गावं तुलनेसाठी होती. तिथं नेहमीची सरकारी सेवा होती आणि तिथले जन्म-मृत्यू नोंदले जात होते. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं हे छापलं. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हा आक्षेप आला आणि तो गैर नव्हता. पण पुढे बांगलादेशात सिलहटला चिठ्ठ्या टाकून असाच प्रयोग झाला, तेव्हाही मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं घटले.

47 गावांतल्या आयांना त्यांची पाळी आली का? उशिरा, पण आली. 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासू लागल्या. हॉस्पिटलात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. सगळ्या भेटी झाल्या की आशाताईला तेव्हा 250 रुपये. 1999 ते 2011, म्हणजे बारा वर्षं. पहिल्या निकालाच्या वेळी तुलनेच्या गावात जन्मलेली मुलगी तोवर सहावी-सातवीत गेली असेल. जगली असेल तर.

आणि आता ती चाचणी, जिच्याबद्दल माझं मन अजून एका बाजूला झालेलं नाही.

1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीनं, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या गटांच्या टाकल्या. तेरा गटांना हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, तेरांना पेशींची पॅप तपासणी, तेरांना मुखावर सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहायची तपासणी. साध्या भाषेत, व्हिनेगरची. उरलेल्या तेरांना तपासणी नाही, फक्त ती कुठं करून मिळते याची माहिती. 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू, काहीच न झालेल्या गटात 64. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूत ठाम फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र टाटाच्याच दुसऱ्या अभ्यासात, दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा व्हिनेगर-तपासणी केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. एकदा पाहणं आणि पुन्हा पुन्हा पाहणं यात एवढं अंतर असतं.

मुंबईतही दीड लाख बायकांपैकी निम्म्या तुलनेच्या गटात होत्या. त्यावरून मोठं वादळ उठलं. पॅप तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात हे श्रीमंत देशांत कधीच कळलं होतं, मग हजारो बायकांना काहीच न देता फक्त मोजत का राहायचं? पद्धती एकमेकींशी ताडून पाहता आल्या असत्या. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा असल्यानं तक्रार तिकडेही गेली, आणि संमती घेताना बायकांना पर्यायांची पुरेशी माहिती दिली नाही, असा ठपका तिथल्या कार्यालयानं ठेवला. संशोधकांची बाजूही पोकळ नाही. भारतात गावपातळीवर अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती; तुलनेच्या गटाकडून काही काढून घेतलं नव्हतं. आणि इथल्या परिस्थितीत जीव वाचतात याचा इथलाच पुरावा नसता, तर कुठल्या सरकारनं खिशात हात घातला असता?

मला वाटतं, प्रश्न विचारणं बरोबर होतं, विचारताना बायकांना पुरतं सांगितलं गेलं नाही हे चूक होतं, आणि सगळ्यांत मोठी चूक नंतरची आहे, जी संशोधकांची नाहीच. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते. त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा आहे. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेल्या 1.9 टक्के आहेत. धाराशिवच्या बायकांनी हप्ता भरला. भिशी फोडली जगानं.

दुसरी चिठ्ठी नेहमीच वाईट असते असंही नाही. मावसभावाला मी हेच समजावत होते. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला असताना स्तनातली गाठ काढली तर आयुष्य वाढेल, असं सर्जनना आणि घरच्यांना मनापासून वाटतं. ‘निदान मूळ तरी काढा’ हे वाक्य टाटाच्या आवारात रोज ऐकू येत असेल. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 350 बायकांत चिठ्ठी टाकून हे तपासलं. 2015 चा निकाल: ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या, दोघींचं आयुष्य सारखंच, वीसेक महिन्यांचं. म्हणजे ज्यांना ‘काही केलं नाही’ त्या एका मोठ्या ऑपरेशनमधून सुटल्या. त्याच वर्षी तोंडाच्या कॅन्सरचा उलटा निकाल आला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या मानेतल्या गाठी लगेच काढाव्यात की वाट पाहावी, यावर सर्जनांचे दोन पंथ होते. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चाचणीत लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5. दर आठ रुग्णांमागे एक जीव. तंबाखू मळणाऱ्या या देशात हा हिशेब केवढा होतो ते तुम्हीच करा. पण दोन्ही चाचण्या सुरू करताना कुठली चिठ्ठी भाग्याची हे कुणालाही माहीत नव्हतं. ते माहीत असेल तर चिठ्ठी टाकायचा अधिकारच उरत नाही.

टाटाच्या आणखी दोन चाचण्या मला फार आवडतात, त्या त्यांच्या चिकटपणासाठी. एकीत स्तनाच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे दात काढताना हिरडीत देतात त्या भुलीचं, इंजेक्शन दिलं. 1,600 बायका, अकरा केंद्रं. सहा वर्षांनी हयात 90.1 टक्के विरुद्ध 86.4. दुसरीत डोकं आणि मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या अतिमहाग औषधाचा डोस एक-दशांशाहूनही कमी करून नेहमीच्या स्वस्त गोळ्यांना जोडला. वर्षभरानं नुसत्या गोळ्यांवरचे 16.3 टक्के हयात होते, जोड मिळालेले 43.4. इथं तुलना पूर्ण डोसशी नव्हती, हे विसरू नये. पण आपलंच औषध एक-दशांश दिलं तर चालेल का, हे कुठली कंपनी विचारेल? असे प्रश्न सरकारी पैशावर चालणारी हॉस्पिटलं विचारतात, किंवा महाडचा एखादा दवाखाना.

औषधांच्या चाचण्यांत गैरप्रकार झालेच नाहीत असं नाही. देशभरातल्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 2013 पासून नियम आवळले. 2019 चे नवे नियम आज लागू आहेत. एथिक्स कमिटीत किमान सात जण, त्यातले निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक जण तरी सामान्य नागरिक. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी व्हायला हवी. ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते.

मावशीनं सही केली. चिठ्ठी दुसरी निघाली. नेहमीचं औषध, दर महिन्याला तपासणी, आणि त्या कोऑर्डिनेटर मुलीचा न चुकता फोन. नव्या औषधाचा निकाल अजून लागायचाय. “चांगलं निघालं तर मला देणार का, ते लिहून घे,” एवढं तिनं मला बजावलंय. मी विचारलं. चाचणीनंतर औषध मिळेल की नाही हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असावं लागतं; आमच्या फॉर्ममध्ये ते अकराव्या पानावर निघालं, दोनदा वाचूनही माझ्या नजरेतून सुटलेलं: मिळण्याची हमी नाही.

तेव्हा कुणी तुमच्यासमोर असा फॉर्म ठेवला तर लगेच सही करू नका आणि लगेच फाडूनही टाकू नका. दुसऱ्या चिठ्ठीत काय आहे ते विचारा. मधेच सोडून गेलं तर नेहमीचे उपचार सुरू राहतील का, आणि चाचणी संपल्यावर पुढं काय, हेही. सही झालेल्या फॉर्मची एक प्रत तुम्हाला द्यायलाच हवी, असा नियम आहे. मागून घ्या.